गोदाक्कांचं जंतांशी वैर

गोदाक्कांनी माझा चेहरा नीट पाहिला तो ओळख होऊन महिना उलटल्यावर. तोवर त्या माझ्या नखांशीच बोलत होत्या. लोणावळ्याच्या त्या चाळीत आम्ही नुकतंच बिऱ्हाड केलं होतं. मी वाटीभर साखर मागायला गेले, तर त्यांनी आधी माझा हात उताणा-पालथा करून पाहिला आणि म्हणाल्या, “करंगळी कापून ये.” त्यांना नख म्हणायचं होतं, हे कळेपर्यंत माझी पाचावर धारण बसली होती.

आक्का रेल्वेतल्या एका कारकुनाच्या विधवा. मूलबाळ नाही. शेजारणींच्या साड्या, सुनांची गाऱ्हाणी, असल्या गोष्टींत त्यांचा जीव रमत नसे. त्यांचा विषय एकच, जंत. तेही सुतासारखे बारीक, पांढरे. “रात्री बाहेर येऊन अंडी घालतात मेले. पोर झोपेत खाजवतं. अंडी नखांत, नखांतली तोंडात. झालं, पुन्हा पहिल्यापासून!” हे त्या हळदीकुंकवाला सांगत, आणि तेही नेमकी हातावर वाटली डाळ पडल्यावर.

गोड खाल्लं की जंत होतात, असं आमच्या चाळीचं ठाम मत. आक्का त्यावर उखडत. “चिक्कीनं नाही होत. चिक्की धरणाऱ्या बोटांनी होतात!” मुद्दा खरा होता. पण तो त्यांनी भर बाजारात, चिक्कीच्या दुकानात, गिऱ्हाइकांच्या बोटांकडे बघत मांडला. पुढे त्या दिसल्या की तो दुकानदार काहीतरी शोधायला आत जाई.

सकाळी गॅलरीत कुणी चादर झटकली की संपलंच. “झटकू नकोस! साऱ्या चाळीला प्रसाद वाटतेस का? गुंडाळून ने नि उकळत्या पाण्यात घाल.” माझा धाकटा रात्री चुळबुळायला लागला, तेव्हा मी त्यांना हळूच सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते नळावर सगळ्यांना ठाऊक. वर मलाच म्हणाल्या, “लाज कसली त्यात? एकट्या पोराला औषध देऊन भागत नाही. घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्या.” आमच्या ह्यांनाही ते गिळावं लागलं. त्या रागात त्यांनी आक्कांचं ‘कृमिमाता’ असं नाव ठेवलं, ते चाळीत लगेच रुळलं.

जवळच्या कुरवंडे गावची भागू आमच्याकडे भांडी घासायला यायची. तिथून ती तुंगार्लीच्या बंगल्यांवर कामाला जाई आणि जाताना आपल्या चार वर्षांच्या ठकीला आक्कांच्या पायरीवर बसवून जाई. “कशाला हात लावशील तर बघ!” हे आक्कांचं खेकसणं आम्ही रोज ऐकत असू. आम्हाला भागूचीच दया येई. दुपारी आक्कांचं दार लागे आणि पायरी रिकामी दिसे. पोर गेली कुठे, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही.

मग एके सकाळी आक्का माझ्याकडे आल्या. दार लोटलं, पण बसल्या नाहीत. उभ्या जागी पाय बदलत राहिल्या. मला हसू आवरेना.

“दात काढू नकोस. डॉक्टरांकडे चल माझ्याबरोबर.”

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. “घरात आणखी कोण असतं?”

“कोणी नाही.”

“मग तुम्हाला कुठून झाले? तुमच्याइतकी स्वच्छता पाळणारं गावात दुसरं कोणी नाही.”

आक्का खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाल्या, “औषध तिघींचं द्या. माझं, भागूचं, आणि एका चार वर्षांच्या मुलीचं. दुपारी माझ्याजवळ झोपते. माझा पदर मुठीत धरल्याशिवाय झोप लागत नाही तिला.”

माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

“नखं, अंघोळ, चादरी हे तुम्हाला काय सांगायचं?” डॉक्टर म्हणाले. “पंधरा दिवसांनी औषध पुन्हा घ्या. आणि तोवर तिला वेगळं झोपवा.”

संध्याकाळी हे भागूच्या कानावर गेलं. ती शरमेनं अर्धी झाली. “आक्का, उद्यापास्नं मी पोरीला आनत न्हाई. तुमास्नी लय तरास झाला.”

“आणायची!” आक्का एवढ्या जोरात ओरडल्या की चाळीतल्या बायका गॅलरीत आल्या. “तुला कोणी सांगितलं त्रास झाला म्हणून?”

भागू गेल्यावर मी म्हटलं, “पण आक्का, निदान वेगळं तरी झोपवा.”

“बाकी सगळं करीन,” त्या म्हणाल्या. “तेवढं सांगू नकोस.”

महिन्याभरानं आक्का पुन्हा माझ्या दारात, पाय बदलत उभ्या. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.