नेसल्याशिवाय नुसतं कापड

आमच्या दुकानात सगळ्यात सुंदर साडी कोण नेसतं, असं उज्जैनच्या टावर चौकात कुणालाही विचारा. उत्तर एकच मिळेल: दिगंबर मोघे. वय साठीच्या आसपास, अंगाने सडपातळ, डोक्यावर विरळ केस आणि नाकाखाली बारीक कातरलेली पांढरी मिशी. साडी शर्ट-पँटवरच नेसतात, पण निऱ्या अशा पडतात की समोर बसलेली बाई हळूच स्वतःच्या निऱ्या हाताने झाकते. नाव दिगंबर आणि सगळा जन्म कपड्यांत, यावर बाजारात करायचे ते सगळे विनोद करून झालेत. तुम्ही नवीन करायला जाऊ नका.

पुरुषाने साडी अंगावर घेऊन दाखवणं आमच्या धंद्यात नवं नाही. गादीवरचा प्रत्येक सेल्समन तेच करतो. पण बाकीचे खुंटीवर टॉवेल टाकावा तशी खांद्यावर टाकतात, "देखिए दीदी, देखने का पैसा नहीं लगता" म्हणतात आणि ओढून काढतात. दिगूभाऊ नेसतात. निऱ्या मोजून घालतात, पदर काढतात, पिन लावतात, गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवतात, आणि मोठ्या आरशासमोर एक क्षण थांबतात. मग गिऱ्हाइकाकडे वळून म्हणतात, "नेसल्याशिवाय साडी म्हणजे नुसतं कापड, ताई."

तो आरशासमोरचा क्षण फार लांबायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची. मी गल्ल्यावरून ओरडायची, "दिगूभाऊ, साडी विकायची आहे, लग्नाला जायचं नाही!"

"आले, शेठाणी," म्हणायचे, आणि पदर काढायचे. काढतानाही घाई नाही.

मी धंद्यात कुणाला सोडलेलं नाही. देवास गेटच्या बसस्टँडवर भैरवगढच्या छापील चादरी खांद्यावर टाकून विकायला सुरुवात केली, आणि आज फ्रीगंजमध्ये माझ्या नावाची पाटी आहे. सुरतचे व्यापारी माझा फोन आला की आधी पाणी पितात. पण या एका माणसाने मला सौद्यात हरवलं, आणि कशात हरवलं तेच मला कळेना. ते शल्य मी वर्षानुवर्षं सांभाळलं आहे.

झालं असं. मिल बंद पडल्यावर दिगूभाऊ नोकरी मागायला आले. मिलमध्ये ते घडी खात्यात होते, म्हणजे कापड हातातलं. मी भांडणाची तयारी करून बसले. हे पगार वाढवून मागणार, मी नाही म्हणणार, हे उठणार, मी परत बोलावणार. ते म्हणाले, "पगार तुम्ही ठरवा. माझी एकच अट. साड्या मी दाखवणार."

"बस?"

"बस."

ज्या सौद्यात समोरचा घासाघीस करत नाही, त्यात त्याने काहीतरी आधीच काढून घेतलेलं असतं. हे मला बसस्टँडने शिकवलं. पण यांनी काय काढून घेतलं? चोरी नाही, कमिशन नाही, दांडी नाही. मी गल्ला तपासला, माल तपासला, शेवटी हात टेकले.

मग सापडली ती साडी.

महेश्वरी. पिकल्या जांभळाचा रंग, पोपटी काठ. ती मी स्वतः महेश्वरहून आणली होती आणि महिनाभरात जाईल असं धरून चालले होते. वर्ष गेलं, दुसरं गेलं, साडी तिथेच. तिथेच म्हणजे चळतीच्या अगदी तळाशी, जिथे गिऱ्हाइकाचा हात पोचत नाही. एखादीची नजर पोचलीच, तर दिगूभाऊ घाईने म्हणायचे, "दीदी, इसमें एक धागा निकला है." दुसरीला, "हिचा रंग उतरतो, ताई." देवासच्या एका वकिलीणबाईंनी तर पर्स उघडली होती. भाव न करता! माझ्या दुकानात असं होत नाही. तर हे शांतपणे म्हणाले, "बुक आहे."

बाई गेल्यावर मी चढलेच. "कुणी केली बुक? कधी केली? धडधडीत चांगल्या साडीला खोट काढता, लाज नाही वाटत?"

"ती त्यांना शोभली नसती, शेठाणी. त्यांचा वर्ण..."

"वर्ण गेला खड्ड्यात! साडी विकायला आणतात, म्हातारी करायला नाही."

त्यांनी साडी उलगडली, नव्या घडीवर घातली, म्हणजे जुन्या घडीवर चिरू नये, आणि पुन्हा तळाशी ठेवली. मी तेव्हाच काढून घ्यायला हवी होती. का काढली नाही, कुणास ठाऊक. त्यांची ती घडी घालण्याची पद्धत बघून माणूस गप्प बसतो.

यंदा गणपतीच्या खरेदीला जोशीकाकू आल्या. आमच्या मराठी मंडळींत त्यांच्या शब्दावर कार्यक्रम ठरतात. बरोबर नात, ऋचा, इंदूरला कॉलेजात शिकणारी. दिगूभाऊंनी काकूंसाठी एक नारायणपेठ नेसून दाखवली. ऋचाने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि कौतुकाने इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, 'आमच्या उज्जैनचे नॉन-बायनरी काका, सलाम!' म्हणजे पुरुष किंवा बाई या दोन खणांत न बसणारे. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दोन दिवसांत तो व्हिडिओ पानवाल्यापासून पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात. कुणी लिहिलं शाब्बास, कुणी लिहिलं कलियुग, आणि बाकीच्यांनी जे लिहिलं ते मी इथे लिहिणार नाही.

तिसऱ्या दिवशी आजी-नात पुन्हा दुकानात, भांडतच.

"आजी, तो अपमान नाही. ती ओळख आहे."

"ओळख? अगं, तुझ्या आईच्या लग्नाच्या साड्या यांनी दाखवल्या. तू कोण आमची ओळख करून देणार?"

"पण ते जसे आहेत तसं म्हणायला एक शब्द नको का? नाहीतर लोक घाणेरडे शब्द वापरतात."

"आमच्या वेळी शब्द नव्हता, तर त्रासही नव्हता."

"त्रास होता, आजी. तुला नव्हता."

पोरगी बिनतोड बोलली, मी मनात म्हटलं. मग ती दिगूभाऊंकडे वळली. "काका, तुम्हीच सांगा. तुम्ही स्वतःला काय म्हणता?"

दिगूभाऊ चळत नीट करत होते. "मला सगळे 'अहो' म्हणतात. तेवढं चालतं."

"काका, मस्करी नको ना."

त्यांनी हातातली साडी खाली ठेवली. "ऋचाबाळ, रेडीमेड ब्लाउज घातलंयस ना? एक घातलं तर दंडाला काचतं, दुसरं घातलं तर खांद्यावरून उतरतं. तुझा शब्द चांगला असेल. कुणाला अगदी बेतशीर बसतही असेल. पण माझं माप कुणी घेतलंच नाही ना. मीही नाही घेतलं."

ऋचाचे डोळे भरले. तिने तिथेच व्हिडिओ काढून टाकला. पण काढून काय होणार, तो हजार खिशांत गेला होता. निघताना काकू प्रेमानेच म्हणाल्या, "दिगूभाऊ, तुम्ही आता पुतळीलाच नेसवत जा. बरं दिसतं."

आणि त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून दिगूभाऊंनी साडी अंगाला लावली नाही. शोकेसमधली पुतळी गादीवर आणली आणि तिला नेसवू लागले. तिच्याशी वाद घालायचे, "खांदा पाड जरा, पोलिसासारखी काय उभी राहतेस." गिऱ्हाइकं हसायची. मीही हसले. पण आरशाकडे त्यांनी पाठ केली होती. साड्या दाखवायचे त्या बँकेत नोटा दाखवाव्यात तशा. 'नेसल्याशिवाय नुसतं कापड' हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. बोहनी दुपारी होऊ लागली.

समोरच्या टपरीवरून चहावाला ओरडायचा, "मैडम की कट चाय भेज रहा हूँ! आज कौन सी पहनी है, मैडम?" एकदा मी रस्ता ओलांडून गेले. "मुझे भी मैडम बोलता है, उनको भी मैडम बोलता है. मुझे डर के बोलता है, तो उनको हँस के क्यों? दोनों को डर के बोल!" त्या दिवसापासून तो मुकाट्याने चहा पाठवतो.

मला या बाजारात 'मर्दानी' म्हणतात. माझा आवाज, माझ्या शिव्या, अंगावर पुरुषी कुर्ता. त्यात कौतुक असतं. बाई वर चढली, असं काहीतरी. दिगूभाऊ पदर घेतात तेव्हा लोकांना वाटतं, पुरुष खाली उतरला. म्हणजे बाईपण खालचंच की! आणि हे म्हणणाऱ्या निम्म्या बायकाच.

मध्ये ते तापाने आजारी होते, तेव्हा बघायला गेले. देवास गेटच्या मागे भावाकडे राहतात. पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जायची वाट दिगूभाऊंच्या खोलीतून. पुतणे, सुना, नातवंडं, सगळ्यांची ये-जा. दाराला आतून कडी नाही. कपाटाचा आरसा वहिनींच्या खोलीत. यांच्या भिंतीवर होता तो हातभर सुतळीला टांगलेला, फक्त मिशीपुरता. मी खुर्चीवर बसून चहा प्यायले आणि तो जुना सौदा मला कळला. साड्या मी दाखवणार. माझ्या गादीपुढचा आरसा डोक्यापासून पायापर्यंतचा आहे.

दसऱ्याच्या आधी एक बाई आली. लेकीच्या साखरपुड्याला साडी हवी होती. मी स्वतः दाखवत होते. बाईने हात थेट तळाशी घातला आणि तीच जांभळी महेश्वरी उपसली. "ये! यही चाहिए."

मी दिगूभाऊंकडे बघितलं. धागा निघालाय म्हणतील. रंग जातो म्हणतील. काहीतरी म्हणतील.

ते म्हणाले, "ले जाइए, दीदी. बहुत अच्छी है. इसमें कोई खोट नहीं."

इतक्या वर्षांत त्या साडीबद्दल ते पहिल्यांदा खरं बोलले. आणि माझं टाळकंच सरकलं.

"बुक है," मी म्हटलं.

"किसकी?"

"है किसीकी. दूसरी देख लो."

"पर ये भैया तो बोल रहे..."

"भैया को क्या पता? दुकान मेरी है!"

बाई पुटपुटत निघून गेली. रोखीचं गिऱ्हाईक. मी ती साडी दिगूभाऊंच्या पुढ्यात टाकली.

"कुणाची बुक आहे, शेठाणी?"

तुम्ही साड्या विकल्या असतील तर तुम्हाला ठाऊक असेल, फॉल नेसायच्या साडीला लावतात. द्यायच्या किंवा ठेवायच्या साडीला नाही. मी एवढंच विचारलं, "फॉल-पिको करायचा?"

ते बराच वेळ काठावरून बोट फिरवत राहिले. मग गादीवरून खाली उतरले आणि गिऱ्हाइकांच्या बाजूला, बाकावर जाऊन बसले. घसा साफ केला.

"भाव काय लावला?"

मी सांगितला.

"फार होतो. समोरच्या दुकानात याच्यापेक्षा कमीत आहे."

"मग जा समोर!"

ते खरंच उठले. चपला घातल्या. दारापर्यंत गेले. मी तोंड फिरवून बसले, नेमानुसार. मग नेमानुसारच ओरडले, "अहो, या इकडे! तुमचं नाही, माझं नाही, मधलं बोला!"

असे भांडलो की काय सांगू! शेजारचा दुकानदार डोकावून गेला. भाव काय ठरला ते सांगणार नाही, पण मला फायदा झाला नाही. दारातून बाहेर पडताना शेवटी ते हळूच म्हणाले, "फॉल लावा."

त्यानंतर महिना गेला. दिगूभाऊ पुतळीलाच नेसवत होते. दर आठवड्याला ते चादरी आणायला सकाळी भैरवगढला जातात, तसे एका बुधवारी गेले आणि दुपारी गठ्ठा घेऊन आले. गठ्ठ्यातून एक पिशवी काढून माझ्यापुढे ठेवली. "ही ड्रायक्लीनला पाठवाल?"

ती साडी. मी फॉल उलटून बघितला. खालून मळला होता, आणि कुसळं अडकली होती, नदीकाठच्या गवताची. तिथे छापे मारलेली कापडं सकाळी काठावर वाळत घालतात, लांबच लांब, लाल, काळी, पिवळी.

मी एकेक कुसळ काढत बसले.

"एवढी कापडं पसरलेली असतात तिथे," ते चळतीकडे बघत म्हणाले. "त्यात आणखी एक. कुणाचं लक्ष जात नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "वारा छान होता. पण आरसा नव्हता, शेठाणी. कशी दिसली, ते काही कळलं नाही."

दुपार होती. समोर टपरीवर गर्दी होती, रस्त्यावर माणसं होती, शटर पूर्ण उघडं होतं. मी उठून पुतळी उचलली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभी केली. साडी झटकून गादीवर ठेवली. मग गल्ला सोडून बाहेर आले, गिऱ्हाइकांच्या बाकावर बसले आणि म्हटलं, "दाखवा."