तात्यांच्या बिजागऱ्या

पुनावळ्याच्या थांब्यावर सोपानतात्या ढवळे आमच्या कंपनीच्या बसमध्ये चढतात, तेव्हा ते कुणाला नमस्कार करत नाहीत. दांडा धरून उभे राहतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारतात, "बिजागऱ्या किती झाल्या?"

नव्या माणसाला वाटतं, यांच्या घराचं काम चाललंय. मलाही तसंच वाटलं होतं. चाकणच्या या कंपनीत मी क्वालिटीला लागलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना ओळखीच्या हार्डवेअरच्या दुकानाचा पत्ता सांगितला. तात्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "दुकानात मिळत असत्या तर रडायचं काय कारण होतं, भावा?" असं म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

पडद्यावर एक इवलंसं हॉटेल होतं. गिऱ्हाईक येतं, त्याला वेळेवर ताट द्यायचं. ते खूश झालं की बक्षिसाची पेटी मिळते आणि पेटीत निघतात खिळे, फळ्या, फरशा, बिजागऱ्या. त्यांतून नवी भट्टी, नवा फ्रिज, नवं कपाट बांधायचं. सामान कमी पडलं की हॉटेल तिथंच अडतं. सहा जणांची टीम करता येते आणि टीममध्ये एकमेकांना सामान पाठवता येतं. बस चिखलीच्या पोरांनी भरलेली असो की बार्शीच्या, त्यातले चार जण तात्यांनी पकडलेच होते. आठवड्याभरात मीही पकडला गेलो, कारण एकानं नोकरी सोडली होती.

तात्या आमच्या स्टोअरचे इन-चार्ज. वय छप्पन्न. एकदा प्लँट हेड स्वतः खिडकीवर आले आणि एक बोल्ट मागू लागले. तात्यांनी हात पुढे केला. "चिठ्ठी?"

"अहो, मला ओळखलं नाही का?"

"मी वळखतो की साहेब. बोल्ट वळखत न्हाई."

साहेब परत गेले आणि चिठ्ठी घेऊन आले. अशा माणसाच्या हातात हा खेळ पडला, मग काय विचारता! त्यांनी एका जुन्या डायरीत तीन महिने टिपणं काढली. कुठली वस्तू बांधायला काय लागतं, कुठली पेटी काय देते, सगळं निळ्या शाईत. निष्कर्षाखाली तांबड्या शाईची रेघ. तो निष्कर्ष त्यांनी मला देहूरोडच्या ट्रॅफिकमध्ये समजावला.

"खिळं सगळेच साठवत्यात. खिळ्यानं कुणाचं अडत न्हाई. आता बघ, भट्टीला दार हाय का? हाय. फ्रिजला? हाय. कपाटाला दोन. दार आलं की बिजागरी आली. पेटीत मात्र ती दहातनं एकदा निघती. म्हणून मिनिमम लेव्हल वीस. त्याच्या खाली जाऊ द्यायचं न्हाई म्हणजे न्हाई!"

पेंट शॉपच्या प्रमोदनं एकदा चार बिजागऱ्या खर्चून आपल्या हॉटेलापुढे शोभेचं फाटक बसवलं. त्या दिवशी तात्या त्याच्याशी पुनावळ्यापासून चाकणपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. उतरताना म्हणाले, "फाटकातनं काय शोभा आत येणार हाय?" प्रमोदनं त्याच दुपारी फाटक मोडून टाकलं.

आमच्या टीममधलं एक नाव मात्र मला खटकायचं. 'सुमन'. ही सुमन आमच्या बसमध्ये नव्हती, कंपनीतही नव्हती. ती कुणाला काही पाठवायची नाही आणि तात्या मात्र तिला दर दोन दिवसांनी बिजागऱ्या द्यायचे. विचारलं तर एवढंच, "ती आपल्यातलीच हाय." पुढं कुणी काही विचारलं की ते डायरी उघडायचे.

मग गेममध्ये मोठ्या तंदूरची स्पर्धा आली. रविवारी दुपारी बाराच्या आत टीमनं एक तंदूर उभा करायचा, बिजागऱ्या लागणार तीस. आम्ही अक्षरशः पेटलो. चहाच्या सुट्टीत, जेवणाच्या सुट्टीत ताटं वाढली. सगळा माल तात्यांकडे जमा करत गेलो. रविवारी सकाळी तीस झाल्या.

दहा वाजता प्रमोदचा फोन आला. "राव, बघितलंस का? चारच शिल्लक आहेत. सव्वीस त्या सुमनला दिल्यात. हा माणूस आपल्याला येड्यात काढतोय!"

मी गाडीला किक मारली आणि थेट पुनावळे गाठलं. तात्यांना आज जाब विचारायचाच, असं ठरवूनच निघालो होतो.

मोठमोठ्या टॉवरांच्या मागं त्यांचं बैठं घर निघालं. ओट्यावर लाकडी बाकं एकावर एक रचलेली. दार उघडंच होतं. आत खुर्चीत एक बाई बसल्या होत्या, समोर लाकडी स्टँडवर मोबाइल. त्यांचा उजवा हात उशीवर होता. त्या हाताचं एक बोट पडद्यावरचं कपाटाचं दार ओढत होतं. दार अर्ध्यावर यायचं, बोट घसरायचं, दार परत मागं जायचं. तात्या शेजारी उकिडवे बसले होते. मदत करत नव्हते. फक्त त्यांची स्वतःची मूठ घट्ट आवळलेली होती.

चौथ्या खेपेला दार बसलं. तात्यांनी मूठ सोडली आणि मी त्यांना दिसलो.

ते मला ओट्यावर घेऊन आले. "माजी मालकीण, सुमन. लकवा झाला, अडीच वरीस झालं. वाचा गेली. डॉक्टर म्हणलं, बोटं चालती ठेवा. रबरी चेंडू दिला, तो तिनं भिरकावला. ह्या ओट्यावर रोज चाळीस कामगार तिच्या हातचं जेवायचं रं. ती चेंडू कशाला दाबंल? हे हॉटेल दावलं अन् बोट हाललं. पर सामान संपलं की गेम अडतो. अडला की मोबाइल पालथा टाकती, मग दोन-दोन दिवस हात उचलत न्हाई. काल सगळी कपाटं अडली व्हती."

"आम्हाला सांगायचं होतं, तात्या."

"सांगितलं असतं तर तुमी दया करून दिल्या असत्या. तिला ते लगीच कळतं."

बारा वाजून गेले. प्रमोदला फोन करून सांगितलं, तंदूर गेला, आणि का गेला तेही सांगितलं. त्यानं त्यांचा हात आता कसा आहे ते विचारलं. मग म्हणाला, "त्यांना अजून किती लागतील, विचार."

मी निघालो तर आतून टेबलावर टकटक झाली. सुमनताई डाव्या हातानं स्वयंपाकघराकडे बोट दाखवत होत्या. "जेवल्याबिगर सोडायची न्हाई ती," तात्या म्हणाले आणि त्यांनी दोन ताटं वाढली. पिठलं त्यांनीच केलेलं, गुठळ्या झालेलं. सुमनताई माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी चांगलं झालंय म्हणालो, तेव्हा त्यांनी नवऱ्याकडे बघून मान हलवली आणि अर्ध्या ओठानं हसल्या.

तात्या भाकरीचा तुकडा हातात धरून हळूच म्हणाले, "चाळीस माणसं जेवून उठली की म्हणायची, वयनी, झकास झालंय. मीच तेवढा कधी म्हणालो न्हाई. घरच्या माणसानं काय म्हणायचं, असं वाटायचं."

पडद्यावर नवं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. सुमनताईंचं बोट उशीवरून वर उचललं गेलं. तात्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतले आणि ते तिच्या खुर्चीशी जाऊन बसले.