मोजून बारा ग्रॅम

पिठात यीस्ट पडलं, मोजलेलं पाणी पडलं, गोळा होत आला आणि मग काकांनी मिठाचा डबा उघडला. डबा रिकामा!

"वरच्या फळीवर खडेमीठ आहे ना," काकू म्हणाल्या. "तेच घाला की चमचाभर."

"चमचाभर? अगं, बारीक मिठाचा चमचा वेगळा, खड्यांचा वेगळा. वजनात केवढा फरक पडतो!"

"मग करा वजन. जन्मभर दुसरं काय केलंत?"

ते खरंच होतं. वजनमापं तपासण्याच्या खात्यात काकांची हयात गेली होती. त्यांना नुसतं येताना पाहून दुकानदार तराजू पुसायला लागत. निवृत्त झाल्यापासून मात्र त्यांना कुणी काही विचारेना. अशात कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याचा कारागीर सोडून गेला. "काका, तुमचा पाव आणून दाखवा, पसंत पडला तर रोजचं काम तुमचं," असं तो म्हणाला आणि काकांची झोपच उडाली. हे काम त्यांना हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

त्यांनी काट्यावर खडेमीठ तोललं. मोजून बारा ग्रॅम.

"पाण्यात विरघळवून घ्या हो आधी."

"पाणी घालून झालंय. आता एक थेंब वर नाही!" असं म्हणून काकांनी खडे तसेच मळून टाकले.

"बघा बाई तुमचं तुम्ही," काकू म्हणाल्या आणि पाव भाजून होताच पदराला हात पुसून त्यांच्यासोबत बेकरीकडे निघाल्या.

पाव दिसायला देखणा झाला होता. बेकरीवाल्याने एक घास खाल्ला आणि मान हलवली. "अळणी आहे, काका."

"अळणी?" त्याची बायको ओरडली. "जिभेला झालंय काय तुमच्या? खारट आहे नुसता!"

"आण तुझा तुकडा. हा तर बरा लागतोय की!"

"आणि तुमचा अळणीच आहे. थांबा, मधला कापू."

दोघंही हट्टाला पेटली. गिऱ्हाइकंही निवाडा करायला पुढे सरसावली. कुणी खारट म्हणे, कुणी अळणी, आणि प्रत्येकजण खात्री करायला आणखी एक तुकडा उचले. काकांना दरदरून घाम फुटला. बघता बघता पाव संपला.

"कमाल आहे!" बेकरीवाला बोटं चाटत म्हणाला. "हातच थांबेना. काका, मीठ घातलंत तरी कसं?"

"खरं सांगू का, ते चुकून..."

"मी दिलं काढून," काकू मधेच म्हणाल्या. "खडेमीठ."

"अस्सं! मग उद्यापासून काम तुमचंच, काकू."

काकांचा चेहरा एवढासा झाला. काकूंनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"करीन मी. पण पीठ मळायला हाताखाली एक माणूस लागेल."

"आहे कुणी बघण्यात?"

"आहेत एक." काकूंनी काकांना नखशिखांत न्याहाळलं. "पण सांगितलेलं ऐकत नाहीत."

"ऐकेन की!" काका घाईघाईने म्हणाले.