निळ्या चौकोनातला रविवार

गाडीचे इंजिन थांबले, तरी आतले तिघे उतरले नाहीत. समोरच्या भिंतीवर चाकाच्या खुर्चीचे चित्र होते. त्याखाली एक वाक्य, 'ये जगह मेहरबानी नहीं, हक़ है', आणि त्याखाली ते उच्चारणाऱ्याचे नाव: डॉ. हेरंब पटवर्धन, अस्थिरोगतज्ज्ञ. नव्या शतकासोबत चंदीगडात आलेल्या या सुपरमार्केटने अपंगांच्या गाड्यांसाठी दाराजवळचा निळा चौकोन राखला, तेव्हा फीत त्यांनीच कापली होती. आता त्याच चौकोनात, स्टिअरिंगवर हात ठेवून, ते आपलेच नाव वाचत बसले होते.

"पापा, ये अलाउड नहीं है," मागून अपेक्षा म्हणाली. या मुलीला मराठी उत्तम कळे; पण बापाचे चुकले की ती हिंदीत बोले.

"दोनच मिनिटं. श्रीखंड घ्यायचं आणि निघायचं. कर्नल दिघे जेवायला येतायत. शिवाय ही जागा रिकामीच असते."

"राखीव आहे म्हणून रिकामी असते," शेजारी बसलेली त्यांची पत्नी शैलजा म्हणाली. "आणि दिवाळीपासून मी सांगतेय, गुडघा दुखतो, दाराशी सोडा, तर म्हणता, चाल, चालल्यानं सुधारतो. आज बरी दाराशी आली गाडी."

"वय झालं की दुखतंच, शैलजा."

हे शहर पट्टीने आखलेले. पण इथल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर कसले ना कसले चिन्ह असे, सरकारचे, सैन्याचे, न्यायालयाचे, वैद्यकाचे. आणि आखलेली रेघ त्या चिन्हापाशी येऊन नम्रपणे वाकत असे. वाकत नसे तो एकटा पहारेकरी बलकार सिंग. निवृत्त हवालदार. गेल्याच आठवड्यात त्याने भिंतीवरचे वाक्य मोठ्याने वाचून दाखवत एका सचिवांच्या गाडीची हवा सोडली होती. त्यानेच आता काचेवर टकटक केली.

"डाक्टर साब! आपके नाम से तो मैं सबको भगाता हूँ जी." मग तो थबकला. "मरीज़ साथ में होगा?"

त्या प्रश्नात संशयाचा लवलेश नव्हता, म्हणूनच तो असह्य होता.

"हाँ," हेरंब म्हणाले. "मेरी मिसेस. बायाँ घुटना. काफ़ी सीरियस है."

शैलजाने सावकाश मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. रुग्णालयात रांगेत उभे राहूनही जे निदान मिळाले नसते, ते तिला पार्किंगमध्ये मिळाले होते.

बलकार सिंग धावत जाऊन चाकाची खुर्ची घेऊन आला. उद्घाटनापासून तिच्यावर कोणी बसले नव्हते. पाठीवर प्लॅस्टिकचे आवरण तसेच होते.

"बसू?" शैलजाने विचारले.

"बस," हेरंब दातांतून म्हणाले.

ती बसली, आणि बसल्यावर तिला ते आवडले. माणसे बाजूला होत होती. हेरंब खुर्ची ढकलत होते. वरच्या फळीवरचे लोणचे, मग खालच्या फळीवरचे, मग पुन्हा वरचेच. ती नुसते बोट दाखवी आणि विख्यात अस्थिरोगतज्ज्ञ वाकत व उंचावत राहात. दोन मिनिटे केव्हाच संपली होती. शेवटी पैसे भरायच्या रांगेत, काठीवर रेललेले, हातात काजूकतलीचा डबा घेतलेले कर्नल दिघेच उभे दिसले.

"वहिनी! हे काय? काल तर फोनवर म्हणालात, पुऱ्या तळणार!"

"अचानक झालं," हेरंब घाईने म्हणाले. "डावा गुडघा. महिनाभर उभंच राहायचं नाही, असं बजावलंय मी."

"महिनाभर?" शैलजाचा आवाज मऊ झाला. "ऐकलंत ना, कर्नलसाहेब?"

"मग आजचं जेवण राहू द्या."

"छे! जेवण होणारच. पुऱ्या हे तळतील."

"पक्का, अंकल," अपेक्षा म्हणाली. "और बर्तन भी."

कर्नल हसले आणि रुमालाने कपाळ पुसू लागले. "बाहेर निळ्या जागेत गाडी दिसली, तेव्हा आधी चिडलोच. मग पाहिलं तर तुमची. म्हटलं, डॉक्टर उगाच लावणार नाहीत. मी आपली पलीकडे झाडांखाली लावली. नवा पाय अजून घासतो थोडा, पण तेवढं चालवतं."

तो कृत्रिम पाय त्यांना चंडीमंदिरच्या छावणीत असताना बसवला होता, आणि त्यावर चालायला हेरंबनीच शिकवले होते. हेरंबना एकाएकी लोणच्याच्या बरणीवरचा मजकूर वाचावासा वाटला.

बाहेर ऊन पांढरे झाले होते. त्या उन्हातून कर्नल काठी टेकत झाडांकडे निघाले. ते अंतर एवढे लांब असेल, असे फीत कापताना कोणाला वाटले नव्हते. बलकार सिंगने त्यांना कडक सलाम ठोकला आणि तो रिकामी होणारी खुर्ची धरून उभा राहिला.

हेरंब पत्नीकडे झुकले. आवाजात प्रथमच डॉक्टर नव्हता.

"शैलजा… खरंच दुखतो का गं गुडघा?"

ती उठली. श्रीखंडाचा डबा तिने त्यांच्या हाती दिला, निळी रेघ ओलांडली आणि कर्नलच्या गाडीच्या दिशेने चालू लागली. हेरंब तिच्याकडे पाहत राहिले. रुग्णाला दारातून आत येताना पाहावे, तसे. पाऊल पुरते टेकत नव्हते, कंबर दर पावलाला किंचित ढळत होती. लंगडणे खरे होते, जुने होते, आणि उजव्या पायाचे होते.