खेकडा इंजिनाचे साळवेमामा

आमच्या अंबडात कुणी काहीही नवं आणलं, की साळवेमामा एकच प्रश्न विचारतात, "बीचमंधून वळतंय का?" नवी ट्रॉली, नवं कपाट, नवा जावई, सुटका कुणाचीच नाही. मी विज्ञानाचा मास्तर म्हणून शेजारी राहायला आलो, तेव्हा मला खालून वरपर्यंत न्याहाळून म्हणाले, "सर, तुम्ही बिलकुल न्हाई वळत." आतून माझी बायको म्हणाली, "बराबर!"

मामांची सारी नोकरी मुंबई-पुण्याच्या घाटात, विजेच्या जुन्या मालइंजिनावर गेली. मधे केबिन, पुढं-मागं दोन लांबोडकी नाकं. चाकं जोडणारे दांडे पायांसारखे हलायचे, म्हणून त्याला सगळे खेकडाच म्हणत.

एकदा मी ऐटीत कागद घेऊन मामांना इंजिनातली विजेची मोटार चाक कशी फिरवते ते समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एकदम भारी, सर. फकस्त असं इंजिन उलटं पळालं असतं."

मग त्यांनी तीन काडेपेट्या दोऱ्यानं सांधल्या आणि ओट्याच्या कोपऱ्यावरून अलगद वळवल्या. "तीन तुकडे. म्हनून एवढं धूड घाटात वळायचं." तीस वर्षं वीज शिकवणाऱ्या या मास्तराला घरचा फ्यूजही बसवता येत नाही, ही बातमी त्यानंतर गल्लीत पसरली. पसरवणारी घरचीच होती.

यंदा मुंबईला लेकीकडे जाताना मामांना सोबत नेलं. तिथल्या एका संग्रहालयात एक खेकडा जतन करून ठेवलाय. हेतू काही थोर नव्हता. रात्रभर पाठांतर करून मला एकदा तरी मामांवर छाप पाडायची होती.

"मामा, मोटारीची ताकद या दांड्यातून..."

"वाळूचा पाइप हाये तो. चाकं घसरू नये म्हनून."

एवढं बोलून मामा पुढे गेले आणि इंजिनाच्या नाकाला कान लावून उभे राहिले. रखवालदार धावत आला. "आजोबा, हात लावायचा नाही!"

"हात न्हाई, कान लावून राह्यलो."

या गुन्ह्याला नियम नसावा. तो गोंधळून मागे सरला. मी विचारलं, "काय ऐकताय, मामा?"

"उभं राह्यलं की हे लई कण्हायचं, सर. तुमची मामी एकदाच आल्ती पाह्यला. घाबरली. म्हन्ली, त्याला एवढं दुखून राह्यलंय, आन् तुम्ही त्याच्यावर बसता? म्या हासलो. मंग गावाकडून दर पत्रात तिचं एकच: त्याचं कण्हणं थांबलं का?"

"तुम्ही काय लिहायचात?"

"काहीच न्हाई. येडी हाये म्हनायचो. खेकडे बंद झाले, तवर ती गेल्ती."

मग मामांनी कान काढला, तिथली धूळ तळव्यानं हळूच पुसली आणि कुणालातरी सांगावं तसं पुटपुटले, "थांबलं गं."

या वेळी रखवालदार दुसरीकडे बघत होता.