विलगीकरणातला जिना

अकराला मालकीणबाई येणार होत्या आणि सव्वादहा झाले तरी त्यांचं घर काही उघडेना. घर म्हणजे घराचा नकाशा, शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर ठेवलेला. ताईनं एकटीनं काढलेला पहिलाच. आजवर तिच्या वाट्याला दुसऱ्यांनी काढलेल्या घरांच्या खिडक्या आणि मोऱ्या यायच्या. आज नकाशा दाखवता आला नाही, तर बाई काम नकाशे काढणाऱ्या आपल्या पुतण्याकडे नेणार होत्या.

ताईनं फाइलवर टिचकी मारली, की कालच बसवलेला अँटीव्हायरस आडवा येई: 'फाइल संशयास्पद आहे. विलगीकरणात ठेवली आहे.' खाली प्रश्न: 'या फाइलवर तुमचा पूर्ण विश्वास आहे का?' उत्तर द्यायला कचेरीच्या मालकांचा, म्हणजे काकांचा, पासवर्ड हवा.

चाळीस वर्षांत काकांनी न पाहता एकाही नकाशावर सही केली नव्हती. त्यांनी चष्मा पुसून प्रश्न दोनदा वाचला.

"पूर्ण? आधी बघू तर दे."

"विश्वास ठेवल्याशिवाय दिसणार नाही, काका."

"आणि बघितल्याशिवाय मी ठेवू कसा?"

त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला आणि 'बऱ्यापैकी' असं बटण कुठे आहे ते विचारलं. तसलं बटणच नसतं म्हटल्यावर, ज्यांनी हे बनवलं त्यांची लग्नं झालीत का, असंही विचारलं. 'नाही' दाबलं तर फाइल कायमची जाणार होती.

अकराच्या ठोक्याला बाई आल्या. सारा जन्म रुग्णालयात नर्स म्हणून गेलेला, गुडघे दुखरे. पडद्यावरचा 'विलगीकरण' शब्द वाचताच त्यांनी खुर्ची चार हात मागे घेतली. किती दिवसांचं, जवळ कोण कोण होतं, याची रीतसर चौकशी केली. पडद्यावर शेजारीच असलेल्या गोदामाच्या नकाशालाही लागण झाली असणार, असं त्यांचं मत पडलं.

"भेटायला सोडत नाहीत ना? मग तूच सांग गं, कसं आहे ते."

ताईनं कोरा कागद पुढे ओढला. घर तिला तोंडपाठ होतं. पेन्सिलीच्या टोकातून उंबरा आला, उंबऱ्यामागून उजेड, उजेडामागून ओटा, आणि मग हळूहळू वर चढत गेला जिना, दुखऱ्या गुडघ्यांना सोसतील अशा बुटक्या पायऱ्यांचा. काका वाकून मोजत होते. चौदा.

त्यांचा चेहरा निवळला. त्यांनी पासवर्ड घातला आणि 'हो' दाबलं. "आता आहे. पूर्ण."

फाइल उघडली. तोच उंबरा, तोच ओटा, तोच जिना. काकांनी सवयीनं पडद्याला बोट लावून पायऱ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेरा. माडी एक पायरी वर राहिली होती. तिथून पुढे उडीच.

ताईनं मान खाली घातली. काकांनी अँटीव्हायरसकडे जरा आदरानं पाहिलं.

बाईंनी मात्र कागदाची घडी घालून पिशवीत टाकली. "मला हे घर हवं, तुझ्या हातचं. आणि त्याला," पडद्याकडे हनुवटी करत त्या म्हणाल्या, "राहू दे अजून दोन दिवस आत. उगाच कुणाला वेगळं ठेवत नाहीत."