सुभेदारांच्या गालात गनीम शिरला त्याची हकीकत

वाचणारांनी सावध होऊन वाचावे. तासगावी पेन्शनीत आलेले सुभेदार लालासाहेब यांच्या गालात गनीम शिरला, तो कोणाच्या हाते शिरला व कोणाच्या गाफिलीने माजला, ते जैसे घडले तैसे लिहिले आहे. भीड कोणाची धरिली नाही.

सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षे बर्फाच्या मुलखात सरहद्द राखिली, परके पाखरू आत येऊ दिले नाही, आणि घरी येऊन तंबाखू-चुन्याची गोळी रोज आपल्याच हाते डाव्या गालात मुक्कामास ठेविली. पंधरा वर्षे ही बडदास्त चालली. मग गालाच्या अस्तरातील एक पेशी फितूर जाहली. थांब म्हणता थांबेना, मर म्हणता मरेना, एकीच्या दोन आणि दोहोंच्या चार ऐशी बेमुर्वत पैदास करू लागली. आत पांढरा चट्टा उठला. सुभेदारांच्या कबिला शालूबाई यांनी डॉक्टरांस दाखवावे म्हणोन अर्ज केला; तो नामंजूर होऊन, "दाढ दुखतीया, दुसरं काय न्हाई," ऐसा हुकूम सुटला.

आणि दोस्त धोंडिराम, ज्यांस बेदाण्यापलीकडे कशाची पारख नव्हती, त्यांनी मसलत दिली की हळद लावावी, डॉक्टरांस तपासाची सुई लावू देऊ नये, सुईने रोग पसरतो. सुभेदारांस ती अमृत वाटली. चार महिने हळद लागली आणि गनीम पिवळा होऊन माजला. त्याने अस्तराखालील पडदा कुरतडून भगदाड पाडिले, मांसात मोर्चे घातले, आणि रसद अपुरी पडता आसपासच्या रक्तवाहिन्यांस फूस लावून नवे फाटे आपल्याकडे फोडविले. मग त्याचे काही स्वार लसीकेच्या बारीक पाटात शिरोन मानेतील गाठींच्या चौकीत उतरले. चौकी परका रोखावयाची; हे तो घरच्याच तोंडवळ्याचे, सबब पहाऱ्याने हटकिले नाही. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ आली. तोंड बोटभर उघडेना. सुभेदार भाकरी दुधात कुस्करोन गिळीत आणि आज भूक नाही म्हणत.

तेव्हा शालूबाईंनी ताट उचलिले आणि फर्माविले, "उठा. गाडी दारात हाय. आता तुमचं ऐकत न्हाई मी." सुभेदार काही बोलणार, तो तोंडच उघडेना.

सांगलीस डॉक्टर नीलिमाबाईंनी सुईने तपास करून, छातीचा स्कॅन पाहोन साफ सांगितले, "कॅन्सर आहे. मानेत उतरलाय. फुफ्फुसात अजून गेला नाही, म्हणून ऑपरेशन करता येईल." सुईने आता रोग पसरेल, ऐसे भय सुभेदारांनी बोलोन दाखविले. बाई म्हणाल्या, "सुईनं पसरत नाही, सुभेदार. आपण थांबलो की पसरतो." सोबत आलेले धोंडिराम आपल्या चपलांकडे पाहाते जाहले.

ऑपरेशनास आत नेताना सुभेदारांनी शालूबाईंचा हात धरिला आणि सोडीनात. "परत येतो का न्हाई मी?" ऐसे पुसिले. "यायचंच," इतकेच त्या बोलिल्या, आणि दार लागल्यावर भिंतीस टेकल्या.

नऊ तास युद्ध जाहले. गाल गेला, जबड्याचा तुकडा गेला, मानेच्या गाठी गेल्या. मांडीचे मांस आणोन खिंडार बुजविले. मग सहा आठवडे किरणांचा मारा. तोंड सोलले, चव मेली, नाकातील नळीने पेज गेली. धोंडिराम रोज येऊन बसत. मसलत मात्र देत ना.

वर्षाने तपास होता गनीम कोठे आढळला नाही. तथापि मुलूख वरचेवर पाहात जावा, ऐसे ठरले. दवाखान्याच्या व्हरांड्यात सुभेदार वाकड्या तोंडाने शालूबाईंस म्हणाले, "चुकलं माजं." अठ्ठावीस वर्षे फौजेत आणि अडतीस वर्षे संसारात हा शब्द त्यांनी कोणापाशी उच्चारिला नव्हता.

शालूबाई म्हणाल्या, "काय म्हणालासा? नीट ऐकू न्हाई आलं."

सुभेदारांनी तो पुन्हा उच्चारिला. येणेप्रमाणे फत्ते जाहली. ती शालूबाईंच्या नावे लिहिली असे.